कोरियन कलाकृतींतील चेहरा : सौंदर्य, ओळख आणि स्वत्व

कोरियातील सौंदर्यसंस्कृतीविषयी जे विवेचन आजवर होत आले आहे, त्यात दोन भूमिका वारंवार भेटतात. पहिलीप्रमाणे कोरियन स्त्री पापणीवर घडी पाडून घेते, नाकाचा कणा उंचावते, जबड्याचे हाड तासून घेते, ते पाश्चात्त्य चेहऱ्याच्या अनुकरणापायी. तिच्या आरशात अमेरिका उभी असते. दुसरीप्रमाणे हा सारा व्यक्तीच्या स्वतंत्र निवडीचा व्यवहार होय; माणूस पदवी मिळवतो, परकी भाषा शिकतो, तसेच तो आपल्या चेहऱ्यातही भांडवल गुंतवतो. दोन्ही भूमिकांत तथ्यांश आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिली भूमिका कोरियन स्त्रीला नक्कल करणारी बाहुली ठरवते, तर दुसरी तिला बाजारातील सर्वज्ञ व्यापारी समजते. चेहरा पालटल्यानंतर त्या व्यक्तीचे स्वतःशी कोणते नाते उरते, हा प्रश्न दोन्हींच्या कक्षेबाहेर राहतो. खुद्द कोरियातील चित्रपट, दूरचित्रवाणीवरील मालिका आणि कथा यांनी मात्र हा प्रश्न गेल्या दोन दशकांत पुनःपुन्हा हाताळला आहे. त्यांच्या यशापयशाची चिकित्सा केली असता त्या संस्कृतीच्या अंतरंगाचे जे दर्शन घडते, ते शस्त्रक्रियांच्या आकडेवारीतून घडत नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. सोल येथील गान्सोंग संग्रहात शिन युन-बोक या चित्रकाराचे ‘मीइन्दो’, म्हणजे ‘सुंदरीचे चित्र’, जतन केलेले आहे. चोसन राजवटीच्या उत्तरकाळातील रूपकल्पनेचे ते प्रमाण मानले जाते. रेशमावर रंगवलेल्या या स्त्रीचे गाल भरलेले, ओठ लहान, भुवया बारीक आणि डोळे अरुंद आहेत. पापणीवर ठळक घडी नाही. सोलच्या गंगनम भागातील एखाद्या शल्यगृहात ही स्त्री आज गेली असती, तर तिच्या चेहऱ्याचा फारच थोडा भाग शल्यविशारदाच्या पेन्सिलीच्या खुणेवाचून सुटला असता. तथापि यावरून जुना काळ सौंदर्याच्या बाबतीत निरागस होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच चित्रातील स्त्रीच्या मस्तकावर ‘गाचे’ नावाचा परक्या केसांचा भला मोठा संभार आहे. हा संभार इतका खर्चिक झाला होता, की योंगजो राजाने १७५६ साली त्यावर बंदी घातली आणि जोंगजो राजाला १७८८ साली ती पुन्हा घालावी लागली. पहिल्या बंदीचे काय झाले असावे, हे दुसरीवरूनच कळते. ई दोक-मू या तत्कालीन विद्वानाने एका श्रीमंत घरच्या तेरा वर्षांच्या सुनेची हकीकत नोंदवून ठेवली आहे. सासरा खोलीत येताच ती अदबीने उठली आणि डोक्यावरच्या भाराने तिची मान मोडली. रूपासाठी देहाने किंमत मोजण्याची प्रथा शल्यगृहाने निर्माण केलेली नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

या परंपरेत आणखी एक धागा आहे आणि तो विरुद्ध दिशेने ओढणारा आहे. देह, केस आणि त्वचा ही मातापित्यांकडून आलेली ठेव असून तिला इजा होऊ न देणे हा पितृभक्तीचा आरंभ होय, अशी कन्फ्यूशियन शिकवण. १८९५ च्या अखेरीस राजाज्ञेने पुरुषांच्या शेंड्या कापण्याचा हुकूम निघाला, तेव्हा विद्वानांनी आणि खेडुतांनी त्याविरुद्ध शस्त्र उचलले. शिर गेले तरी चालेल, शेंडी जाणार नाही, असा तो पवित्रा होता. जो समाज केसांसाठी लढला त्याने शंभर वर्षांच्या आत पापण्या कापून घेण्यास सुरुवात केली, या विसंगतीकडे अनेकदा बोट दाखवले जाते. पण मधला काळ विसरता कामा नये. १९७३ साली लष्करी राजवटीने किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून पुरुषांचे लांब केस आणि स्त्रियांचे तोकडे झगे दंडनीय ठरवले, आणि पोलीस रस्त्यावर कात्री व मोजपट्टी घेऊन उभे राहिले. म्हणजे देह हा कुळाचा आहे ही भावना क्षीण होत गेली, ती देह व्यक्तीचा झाला म्हणून नव्हे. कुळाचा ताबा सुटला तेथे राज्यसंस्था आली आणि राज्यसंस्था सैल झाली तेथे बाजार आला. देहावर दुसऱ्याचा हक्क आहे ही जाणीव मात्र अखंड राहिली.

पापणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही अनुकरणाच्या सिद्धान्तात सहजासहजी बसत नाही. १८९६ साली मिकामो या जपानी डॉक्टराने अशा शस्त्रक्रियेची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या रुग्ण स्त्रीच्या एका डोळ्यावर निसर्गतःच घडी होती आणि दुसऱ्यावर नव्हती. डॉक्टराने दुसरा डोळा पहिल्यासारखा केला. येथे आदर्श होता तो त्याच स्त्रीचा दुसरा डोळा; युरोपीय स्त्रीचा त्यात काही संबंध नव्हता. उलटपक्षी, १९५४ साली युद्धोत्तर सोलमध्ये डेव्हिड राल्फ मिलार्ड या अमेरिकन नौसैनिक दलाच्या शल्यविशारदाने जी शस्त्रक्रिया केली, तिच्यात पश्चिमेची सावली स्पष्ट दिसते. भाजलेल्या आणि विद्रूप झालेल्या लोकांवर उपचार करणाऱ्या या डॉक्टराकडे एक कोरियन दुभाषी आला. आपल्या डोळ्यांवरून मनातले काही कळत नाही, म्हणून अमेरिकन आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत, असे त्याचे गाऱ्हाणे होते. १९५५ च्या आपल्या लेखात मिलार्डने ते नमूद केले आहे. या रुग्णाला सुंदर व्हावयाचे नव्हते, विश्वसनीय व्हावयाचे होते. भाषांतर हा ज्याचा व्यवसाय, त्याला आपला चेहराही भाषांतरित करून घ्यावासा वाटला. पुढील सत्तर वर्षांतील सौंदर्यव्यवहाराचे मर्म या एका रुग्णाच्या मागणीत आहे. चेहरा हा वाचला जाणारा मजकूर आहे आणि तो चुकीचा वाचला गेला तर पोटावर पाय येतो, ही त्या मागणीमागची धारणा होती.

वाचनाची ही धारणा कोरियात जुनी आहे. ‘ग्वानसांग’ हे तिकडचे मुखसामुद्रिक. त्यावर बेतलेल्या २०१३ सालच्या त्याच नावाच्या चित्रपटाला अफाट प्रेक्षक लाभले. जुन्या सामुद्रिकाला नव्या नोकरशाहीने बळ दिले, ते नोकरीच्या अर्जावर छायाचित्र चिकटवण्याच्या रिवाजामुळे. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर नोकऱ्यांची चणचण भासू लागली आणि त्या चौकोनी छायाचित्राचे मोल वाढत गेले. छायाचित्रकारही अर्जदाराचा जबडा आणि डोळे सुधारून देऊ लागले. २०१७ पासून सरकारी संस्थांनी छायाचित्राविना भरतीची पद्धत स्वीकारली. २०१९ च्या कायदेदुरुस्तीने तर कामाशी संबंध नसताना अर्जदाराचे रूप, उंची, वजन यांविषयी माहिती मागण्यास मनाई केली. असा कायदा करावा लागला ही गोष्ट त्या समाजाच्या सजगतेची खूण आहे आणि दुखण्याच्या खोलीचीही. या दुखण्याला कोरियन भाषेत ‘ओएमो-जीसांग-जुई’ म्हणतात. मराठीत त्याला रूपसर्वस्ववाद म्हणता येईल. लग्नाच्या माहितीपत्रकासोबत छायाचित्र पाठवण्याची महाराष्ट्रातील चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ फार समजावून सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर २००६ साल लक्षणीय ठरते, कारण त्या एकाच वर्षी या विषयावरचे दोन अत्यंत भिन्न प्रकृतीचे कोरियन चित्रपट पडद्यावर आले. एक किम योंग-ह्वा यांचा ‘मीन्योनुन ग्वेरोवो’, म्हणजे ‘सुंदरी दुःखात आहे’. दुसरा किम की-दुक यांचा ‘शिगान’, म्हणजे ‘काळ’. पहिल्याला साठ लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. दुसऱ्याला मायदेशात मोठा प्रेक्षकवर्ग लाभलाच नाही.

‘सुंदरी दुःखात आहे’ ही एका जपानी चित्रकथेवर आधारलेली सुखात्मिका होय. हान-ना ही अतिस्थूल तरुणी एका देखण्या पण बेसूर गायिकेसाठी पडद्यामागून गाते. ज्या निर्मात्यावर तिचे प्रेम आहे त्याचे तिच्याविषयीचे बोलणे चोरून कानी पडल्यावर ती नाहीशी होते, सर्वांगावर शस्त्रक्रिया करून घेते आणि वर्षभराने परदेशातून आलेली जेनी म्हणून परतते. चित्रपटाची ताकद त्याच्या पूर्वार्धातील विनोदात आहे. नव्या रूपातील नायिका मोटार चालवताना टॅक्सीला धडक देते आणि संतापून उतरलेला टॅक्सीवाला तिचा चेहरा पाहताच विरघळून जातो, हा प्रसंग हसवता हसवता एक कडवे सत्य सांगून जातो. सुंदर स्त्रीच्या अपराधाला समाज क्षमा करतो. कुरूप स्त्रीला मात्र तिच्या निरपराधपणाचीही क्षमा मागावी लागते. निर्मात्याचे पात्रही येथे नेमके रेखाटले आहे. इतर स्त्रियांनी शस्त्रक्रिया केल्या तर त्याची हरकत नाही, पण आपल्या प्रेयसीने केलेली त्याला चालणार नाही. कृत्रिम रूपाचा उपभोग घ्यावा आणि कृत्रिमतेचा दोष मात्र स्त्रीच्या पदरी टाकावा, ही दुटप्पी वृत्ती त्याच्या एका वाक्यात उघडी पडते.

उत्तरार्धात मात्र हा चित्रपट स्वतःच उभ्या केलेल्या प्रश्नाला बगल देतो. रंगमंचावर नायिका रडत रडत आपली खरी ओळख सांगते, मागे जुन्या हान-नाचे चलच्चित्र दिसते, आणि प्रेक्षागृह ‘काही हरकत नाही’ असा एकच गजर करते. हा प्रसंग भावविवश करणारा असला तरी त्यातील तर्क तपासून पाहावा असा आहे. जमाव क्षमा करतो ती कोणाला? पुढ्यात उभ्या असलेल्या सुंदर जेनीला. ज्या हान-नाच्या नावाने हा कबुलीजबाब दिला जातो, ती पडद्यावरील चित्रापुरतीच उरली आहे. तिला त्या मंचावर प्रवेश मिळाला असता काय, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. सत्य सांगण्याचे धैर्यसुद्धा शस्त्रक्रियेच्या बळावरच अंगी येते, असा विपरीत निष्कर्ष त्यातून निघतो. शिवाय माध्यमानेही आशयावर सूड उगवला आहे. स्थूल हान-ना म्हणजे सडपातळ अभिनेत्री किम आ-जुंग हिच्यावर चढवलेले रंगभूषेचे थर आहेत. म्हणजे कथेत कृत्रिम ठरलेले रूप हे अभिनेत्रीचे नैसर्गिक रूप, आणि कथेतील नैसर्गिक रूप हाच खरा मुखवटा. चित्रपटाला या उलटापालटीची जाणीव असती तर तो थोर ठरला असता. त्याला ती नाही. त्याला फक्त तिचा फायदा हवा आहे.

‘शिगान’मध्ये ही जाणीव आहे, किंबहुना तीच त्या चित्रपटाचा विषय आहे. से-ही या तरुणीला वाटते की आपला प्रियकर जी-वू आपल्या त्याच त्या चेहऱ्याला कंटाळला आहे. रोज तोच चेहरा घेऊन समोर येते याबद्दल ती त्याची माफी मागते. येथे कुरूपतेचा प्रश्नच नाही. से-ही देखणी आहे. तिला सुंदर व्हावयाचे नाही, नवी व्हावयाचे आहे. ती कोणालाही न सांगता चेहरा बदलून घेते, सहा महिन्यांनी सी-ही या नावाने परत येते, आणि जी-वू तिच्या प्रेमात पडतो. येथवरची योजना सफळ होते. पण जी-वूच्या मनातून जुनी से-ही जात नाही, आणि नव्या चेहऱ्याची स्त्री आपल्याच जुन्या चेहऱ्याचा मत्सर करू लागते. ती से-हीच्या नावाने त्याला पत्र पाठवते. तो नव्या स्त्रीला सोडून जुनीकडे जाण्यास सिद्ध होतो. आणि ठरल्या जागी ती आपल्या जुन्या छायाचित्राचा मुखवटा चेहऱ्यावर बांधून येते. जिवंत नव्या चेहऱ्यावर बसवलेला कागदी जुना चेहरा हे या चित्रपटातील सर्वांत भेदक दृश्य होय. आत्मप्रतिमा या शब्दाने मानसशास्त्र जे सांगू पाहते, ते येथे डोळ्यांपुढे उभे राहते: प्रतिमा आहे, तिची मालकीण आहे, आणि दोघींत वैर आहे.

सत्य कळताच जी-वूही त्याच शल्यविशारदाकडे जाऊन नाहीसा होतो. यानंतरचा भाग काही समीक्षकांना विस्कळीत वाटला आहे. तो आक्षेप सर्वस्वी खोटा नाही, योगायोग फार झाले आहेत. पण त्याच भागात सी-ही अनोळखी पुरुषांत त्याला शोधू लागते आणि ओळखीची खूण म्हणून त्यांचे हात हातात घेऊन पाहते. चेहऱ्याने दगा दिल्यावर स्पर्श हा एकच पुरावा उरतो, आणि तोही निर्णायक ठरत नाही. अखेरीस ती पुन्हा शल्यगृहात जाते आणि तेथून चेहरा झाकून बाहेर पडताना एका तरुणीला धडकते. हातातील तसबिरीची काच फुटते. ही तरुणी से-हीच आहे आणि हा प्रसंग चित्रपटाच्या आरंभी येऊन गेलेला आहे. कथेचे हे वर्तुळ म्हणजे निव्वळ चमत्कृती नव्हे. स्वतःचे जुने रूप भेटले असता ते परक्यासारखे पुढे निघून जाते, एवढे सांगण्यासाठी दुसरी रचना सापडणे कठीण होते. नायिकेच्या दोन चेहऱ्यांसाठी दोन अभिनेत्री योजून किम की-दुक यांनी रंगभूषेच्या लबाडीतूनही सुटका करून घेतली आहे. प्रेक्षकाला पहिल्या अभिनेत्रीची उणीव खरोखरच भासते, आणि जी-वूची व्याकुळता त्याची स्वतःची होते.

२०१८ सालची ‘ने आयदी-नुन गंगनम-मीइन’ ही दूरचित्रवाणी मालिका या दोहोंपेक्षा कलादृष्ट्या सामान्य आहे. तिची प्रेमकथा तर अगदी ठरीव साच्याची. पण तिने एका शब्दाला हात घातला म्हणून तिचे महत्त्व आहे. ‘गंगनम-मीइन’, म्हणजे गंगनमची सुंदरी, ही शस्त्रक्रियेने घडलेल्या एकसाची चेहऱ्याला दिलेली हिणकस उपाधी. तिच्या विरोधी ‘जायॉन-मीइन’, म्हणजे निसर्गसुंदरी. शाळेत रूपावरून छळली गेलेली कांग मी-रे महाविद्यालयात जाण्यापूर्वी चेहरा बदलून घेते, आणि तेथे तिला कळते की कुरूपतेची हेटाळणी संपून आता कृत्रिमतेची हेटाळणी सुरू झाली आहे. ज्या समाजाने रूप नसल्याबद्दल तिला शिक्षा केली, तोच रूप मिळवल्याबद्दलही शिक्षा करतो. त्याची मागणी अशी आहे की स्त्रीने सुंदर तर असावेच, पण त्यासाठी काही केलेले असू नये. जातिव्यवस्थेतील जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाशी या मागणीचे नाते आहे. निसर्गसौंदर्य हा येथील कुलीनपणा होय आणि गंगनमची सुंदरी ही नवश्रीमंत.

मालिकेचे धाडस मी-रेच्या स्वभावचित्रणात आहे. छळाची बळी ठरलेली ही मुलगी रस्त्याने जाणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांना मनातल्या मनात गुण देत असते. ज्या मोजपट्टीने तिला मारले, तीच तिने खिशात जपून ठेवली आहे, आणि या सवयीबद्दल नायक तिला सुनावतो तेव्हा ती निरुत्तर होते. प्रतिस्पर्धी ह्योन सू-आ हिची व्यक्तिरेखाही अशीच अनपेक्षित खोलीची आहे. सर्वांना हेवा वाटावा अशी ही निसर्गसुंदरी खाल्लेले अन्न एकांतात ओकून टाकते. म्हणजे निसर्गसुद्धा येथे चोरून केलेल्या कष्टाने टिकवावा लागतो. एक गोष्ट मात्र मालिकेला साधलेली नाही, आणि कदाचित दृश्यमाध्यमाला ती साधणारही नाही. पडद्यावरील दोघी अभिनेत्री सारख्याच देखण्या आहेत. कोणती कृत्रिम आणि कोणती नैसर्गिक हे प्रेक्षकाला डोळ्यांनी कळत नाही, ते इतर पात्रांच्या बोलण्यावरून कळते. या मर्यादेतूनच एक अर्थ नकळत सिद्ध झाला आहे: निसर्ग आणि कृत्रिम यांतील भेद चेहऱ्यात नसून चेहऱ्याविषयीच्या कुजबुजीत आहे.

निसर्ग दिसण्यासाठी करावयाचे श्रम हाच कोरियन प्रसाधनविद्येचाही गाभा आहे. जगभर विकला जातो तो गंगनमचा चाकू नव्हे, कोरियन त्वचेचे स्वप्न विकले जाते. तिकडे ‘युरी-पिबू’, म्हणजे काचेची त्वचा, आणि ‘मुलग्वांग’, म्हणजे पाण्याची झळाळी, असे शब्द आहेत. दहा पायऱ्यांच्या विधीचा बोलबाला मात्र मुख्यतः परदेशी बाजारात झाला. गोऱ्या त्वचेची आवड अमेरिकन प्रभावाच्या कितीतरी आधीची आहे. उन्हात राबावे लागत नाही याची ती पुरातन खूण. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाजारात आलेली ‘पाकगाबुन’ ही पहिली लोकप्रिय कोरियन मुखचूर्णाची डबी शिसे असल्यामुळे अपायकारक ठरली आणि १९३० च्या दशकात बंद पडली. आजच्या ‘बीबी क्रीम’ची कुळकथा याहून बोधक आहे. मुळात एका जर्मन त्वचारोगतज्ज्ञ स्त्रीने उपचारानंतर सोललेली त्वचा झाकण्यासाठी ते मलम सिद्ध केले. कोरियाने ते नित्याचे प्रसाधन बनवले. जखम झाकण्याचे साधन हाच पुढे निर्दोष उघड्या चेहऱ्याचा पर्याय ठरला. ‘मिन्नात’, म्हणजे काहीही न लावलेला चेहरा, हा शब्द स्तुतीसाठी वापरला जातो, पण तसा चेहरा दाखवण्यासाठी किती डब्या रिकाम्या कराव्या लागतात याचा हिशेब स्तुती करणारा मागत नाही.

या संदर्भात भारतीय साहित्यशास्त्रातील एक कल्पना उपयोगी पडते. आनंदवर्धनाने प्रतीयमान अर्थाचे स्वरूप सांगताना स्त्रियांच्या लावण्याचा दृष्टान्त योजला आहे. लावण्य हे प्रसिद्ध अवयवांहून निराळे असते. अवयवांत दिसते, पण अवयवांची बेरीज नव्हे. शल्यगृहाचे दरपत्रक हे नेमके या विचाराच्या उलट टोकाला आहे. तेथे पापणी, नाक, हनुवटी, कपाळ यांची स्वतंत्र किंमत असते आणि बेरजेतून सौंदर्य निघेल असे आश्वासन असते. बेरीज चुकली असे वाटले की आणखी एक अवयव दुरुस्तीला येतो. काचेच्या त्वचेची कल्पना लावण्याच्या काहीशी जवळ जाते हे खरे, कारण झळाळी हा अवयव नव्हे. पण बाजाराने झळाळीलाही बाटलीत भरून तिचा अवयव करून टाकला. भारतात १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ असे पालटले, त्यातही गोरेपणाची जागा झळाळीने घेतली. मुंबई-पुण्याच्या दुकानांत कोरियन बाटल्यांची रांग लागते तीही याच शब्दाच्या आधाराने. शब्द सौम्य झाला एवढ्यावरून दृष्टी पालटली असे मात्र म्हणता येत नाही.

दृश्यमाध्यमाला जे साधले नाही ते गद्याला साधते काय, याचे उत्तर फ्रान्सिस चा यांच्या २०२० सालच्या ‘इफ आय हॅड युअर फेस’ या कादंबरीत शोधता येते. ती इंग्रजीत लिहिली गेल्यामुळे परक्या वाचकाला समजावून सांगण्याचा तिचा सोस अधूनमधून खटकतो. पण शब्दांत चेहरा दिसत नाही, हीच तिची सोय झाली आहे. सोलमधील एका इमारतीत राहणाऱ्या या तरुणींपैकी ग्यूरी ही शस्त्रक्रियांनी घडवलेल्या रूपाच्या जोरावर धनिकांच्या मद्यशाळेत काम करते. सुजिनला तिच्यासारखे व्हावयाचे आहे. ग्यूरी किती सुंदर आहे हे वाचकाला पाहता येत नाही; तिचे कर्ज किती आहे आणि तिच्या रूपावर कोणाचा उदरनिर्वाह चालतो, हे मात्र दिसते. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची दुखणी आणि दीर्घकाळ टिकणारी बधिरता लेखिकेने अलिप्तपणे नोंदवली आहे. चित्रपटाचा कॅमेरा चेहऱ्याबाहेर उभा राहतो. येथे चेहरा आतून जाणवतो, आणि तो जाणवतो मुख्यतः जाणीव हरपल्याच्या रूपाने. आरशात जो चेहरा पूर्वीपेक्षा अधिक आपला वाटतो, तो स्पर्शाला आपला उरत नाही. आत्मप्रतिमा आणि आत्मानुभव यांतील ही फारकत या विषयावरील अन्य कोणत्याही कलाकृतीत इतक्या साधेपणाने आलेली नाही. कादंबरीचा शेवट मैत्रीच्या ऊबेवर विसंबतो. ही ऊब खरी आहे, पण कर्जाच्या वहीपुढे ती किती टिकेल याचा अंदाज लेखिकेने वाचकावर सोडला आहे.

या कलाकृतींच्या जोडीला २०१८ सालची ‘थाल-कोरूसेत’, म्हणजे कोर्सेटमुक्तीची चळवळ ठेवून पाहिली पाहिजे. तरुण कोरियन स्त्रियांनी ओठांच्या रंगकांड्या मोडून, चूर्णाच्या डब्या फोडून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि केस बारीक कापले. या चळवळीने ‘क्कुमिम-नोदोंग’, म्हणजे नटण्याचे श्रम, हा शब्द रूढ केला, आणि वैचारिकदृष्ट्या ही तिची सर्वांत मोलाची कमाई होय. जोवर नटणे ही हौस मानली जाते तोवर तिचा वेळ आणि खर्च मोजता येत नाही. श्रम म्हटले की त्याचे मोल कोण देतो हा प्रश्न आपोआप येतो. स्वतःवर प्रेम करा, असे सांगणारी गीते आणि जाहिराती जेथे अडखळतात तेथे हा शब्द पुढे जातो. आत्मप्रेमाचा उपदेश सारी जबाबदारी पुन्हा त्या एकटीच्याच मनावर टाकतो, आणि तो उपदेश करणारा तारा बहुधा एखाद्या प्रसाधनाचाही पुरस्कर्ता असतो. अर्थात चळवळीलाही आपला काच होता. कोणाचे केस किती आखूड, कोण अजून ओठ रंगवते, अशी तपासणी तिच्या काही गोटांत सुरू झाली, आणि ज्यांना नटणे मनापासून आवडते अशा स्त्रिया तिच्यापासून दुरावल्या. वाचला जाणारा चेहरा येथेही वाचलाच जात होता; फक्त लिपी बदलली होती.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एमबीसी या प्रसारणसंस्थेच्या सकाळच्या बातम्या देताना इम ह्योन-जू या निवेदिकेने चष्मा लावला. पुरुष निवेदक वर्षानुवर्षे चष्मा लावून बसत होते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नव्हते. तिचा चष्मा देशभर चर्चेचा विषय झाला. कृत्रिम पापण्या चिकटवण्यात जाणारा वेळ वाचतो आणि डोळ्यांची आग थांबते, असे साधे व्यावहारिक कारण तिच्या कृतीमागे होते. तीन वर्षांनी, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाज आन सान हिने तीन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा तिच्या बाणांइतकीच तिच्या आखूड केसांची चर्चा झाली आणि त्या केसांवरून तिचे विचार ओळखल्याचा दावा करून तिच्यावर शिव्यांचा वर्षाव करण्यात आला. मिलार्डच्या दुभाष्याला आपला चेहरा कोणास वाचता येत नाही अशी खंत होती. या तिरंदाजाच्या बाबतीत तर न बोललेला मजकूरही तिच्या मस्तकावरून वाचून दाखवला गेला, आणि तो खरा नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी स्पर्धा चालू असतानाच तिच्यावर येऊन पडली.